विषय बदलून मिळणार नाही

'विषय' हा शब्द मराठीत दोन ठिकाणी राबतो. शाळेत तो गणित, हिंदी, भूगोल असतो. शाळेबाहेर तो बोलण्याचा मुद्दा असतो, 'विषय संपला', 'उगाच विषय बदलू नकोस' यातला. (कॉलेजात गेलं की 'विषय हार्ड आहे' हेही येतं, पण तो वेगळा विषय.) गेले काही महिने मी परीक्षा मंडळांविरुद्ध विद्यार्थ्यांनी लढलेल्या खटल्यांचे निकाल वाचतोय, आणि हा श्लेष मला फारच कामाचा वाटायला लागलाय. विद्यार्थी बोर्डाकडे विषय बदलून मागतो. बोर्ड नाही म्हणतं. प्रकरण कोर्टात जातं आणि तिथे विषय खरोखरच बदलतो, पण विद्यार्थ्याला हवा होता तसा नाही.

निकालपत्रांबद्दल साहित्याच्या मासिकात लिहायचं कारण काय? ते गद्य आहे, हे पहिलं कारण. त्यात पात्रं आहेत, घटनाक्रम आहे, निवेदक आहे. तो निवेदक शेवटी काय होणार हे स्वतः ठरवतो, अशी सोय कुठल्याच कादंबरीकाराला नसते. दुसरं कारण असं की हे गद्य आता कुणालाही फोनवर फुकट वाचता येतं आणि तरी ते वकील सोडून कुणी वाचत नाही. वकील ते कामापुरतं वाचतात, हवा तो परिच्छेद उचलतात आणि पुढे जातात. सगळं निकालपत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत, कोण बोलतंय आणि कोण गप्प आहे हे बघत वाचलं तर काय दिसतं, एवढंच मला करून बघायचं होतं.

आधी नियमाची गोष्ट. सीबीएसईमध्ये नववी-दहावी आणि अकरावी-बारावी हे दोन-दोन वर्षांचे जोडअभ्यासक्रम धरले जातात. नववीला आणि अकरावीला विद्यार्थ्याची नोंदणी होते; पुढच्या वर्षी शाळा परीक्षार्थींची यादी बोर्डाला पाठवते, जिला सगळ्या शाळांत 'एलओसी' म्हणतात. या यादीत मुलाच्या नावापुढे विषय नसतात, विषयांचे आकडे असतात. दहावीचं गणित २०१९-२० पासून दोन पातळ्यांवर झालं: स्टँडर्ड म्हणजे ०४१ आणि बेसिक म्हणजे २४१. वर्गात शिकवायचा अभ्यासक्रम एकच, फक्त बोर्डाची प्रश्नपत्रिका वेगळी. पुढे गणित घ्यायचं नसेल त्यांच्यासाठी बेसिक, घ्यायचं असेल त्यांच्यासाठी स्टँडर्ड, अशी मूळ कल्पना. यादी एकदा गेली की आकडा बदलायला बोर्डाची परवानगी लागते, आणि एका मुदतीनंतर तीही मिळत नाही.

आता एक मुलगी कल्पू. (ही कल्पित आहे, पुढे येणारे निकाल खरे आहेत.) हिने नववीच्या शेवटी २४१ घेतलं. कारण घरात सगळ्यांनी ठरवलं होतं की गणित हिचं काम नव्हे. दहावीच्या दिवाळीपर्यंत काहीतरी झालं. एखादे चांगले शिक्षक मिळाले असतील, किंवा भूमितीतली एखादी सिद्धता तिला अचानक स्वतःची वाटली असेल. पंधराव्या वर्षी अशा गोष्टी होतात. दहावी बहुधा त्यासाठीच असते. तिला आता ०४१ हवंय. शाळा म्हणते, यादी गेली.

तिला अर्ज करायचाय. अर्जात कारण लिहायचंय. 'मला आता गणित आवडतं' हे कारण कुठल्याच रकान्यात बसत नाही. वडिलांची बदली बसते, आजारपण बसतं, 'शाळेकडून लेखनिक चूक' हे तर उत्तमच बसतं. मग घरचे, क्लासवाले, वकील मिळून तिच्या मनातलं कारण बाजूला ठेवतात आणि बसणारं कारण शोधतात. कोर्टात पोचण्याआधीच या गोष्टीच्या पहिल्या मसुद्यातून तिचा आवाज निघून गेलेला असतो. हा दोष न्यायाधीशांचा नाही, पण ते जे वाचतात तो आधीच संपादित झालेला मजकूर असतो, हे लक्षात ठेवून पुढे जाऊ.

या सगळ्या खटल्यांच्या मुळाशी एक निकाल आहे, आणि तो आपला आहे. म्हणजे महाराष्ट्राच्या माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाचा. १९८० च्या परीक्षांनंतर बऱ्याच विद्यार्थ्यांनी मुंबई उच्च न्यायालयात याचिका केल्या. मंडळाच्या विनियमांनुसार गुणांची पडताळणी मागता येत होती: सगळी उत्तरं तपासली गेली का, बेरीज बरोबर आहे का, एवढंच. उत्तरपत्रिका बघायचा किंवा पुन्हा तपासून मागायचा हक्क नव्हता. उच्च न्यायालयाने ही बंदी बेकायदा ठरवली. मंडळ सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि जुलै १९८४ मध्ये न्या. बालकृष्ण एराडी यांनी लिहिलेल्या निकालाने उच्च न्यायालयाचा निर्णय फिरवला.

विषयबदलाशी याचा थेट संबंध नाही. पण विद्यार्थी आणि बोर्ड यांच्यातल्या जवळपास प्रत्येक भांडणात या निकालातला शेवटाकडचा एक परिच्छेद उद्धृत होतो. त्याचा आशय असा: शिक्षणाच्या बाबतीत शहाणपणाचं काय हे त्या क्षेत्रात रोज काम करणाऱ्या अनुभवी तज्ज्ञांनी ठरवलेलं असताना कोर्टाने स्वतःचं मत त्यावर लादायला फार नाखूश असावं, व्यवस्था जमिनीवर कशी चालते ते न बघता निव्वळ आदर्शवादी, पुस्तकी भूमिका घेणं चूक.

हा परिच्छेद लेखन म्हणून फार ताकदीचा आहे, आणि ती ताकद कुठून येते ते बघण्यासारखं आहे. त्यात दोन चित्रं समोरासमोर ठेवली आहेत. एका बाजूला रोजच्या कामात हात मळलेला तज्ज्ञ, दुसऱ्या बाजूला पुस्तकात डोकं घातलेला आदर्शवादी न्यायाधीश. वाचणारा आपोआप पहिल्याच्या बाजूने जातो. तिसरं चित्र तिथे नाहीच. ज्याला आपली उत्तरपत्रिका बघायची होती तो मुलगा या वाक्यात कुठे उभा आहे? तो ना तज्ज्ञ, ना न्यायाधीश. भांडण त्याने सुरू केलं, पण निकालाच्या सर्वांत गाजलेल्या परिच्छेदात ते दोन संस्थांमधल्या सौजन्याचं भांडण झालेलं आहे. 'मला कमी गुण का मिळाले' हा विषय होता. तो 'कोर्टाने किती बोलावं' हा विषय झाला.

मंडळाची बाजू मला खोटी वाटत नाही. निकालात अंमलबजावणीच्या अडचणींची दखल आहे, आणि परीक्षार्थींची प्रचंड संख्या, ठरलेल्या वेळेत निकाल लावणं, सार्वजनिक परीक्षेच्या निकालाला कधीतरी अंतिमपणा असणं या खऱ्या गोष्टी आहेत. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे रिलीजच्या आधी 'कोड फ्रीज' असतो: अमुक तारखेनंतर कुणीही काहीही बदलायचं नाही, कारण एका ओळीच्या बदलाने दुसरीकडे काय मोडेल सांगता येत नाही. विषयांची यादी गोठवण्यामागे हाच हिशोब आहे. कुठल्या केंद्रावर ०४१ ची किती पाकिटं, २४१ ची किती, बैठक व्यवस्था, परीक्षक. पण फ्रीजनंतरही आमच्याकडे बदल होतात. त्यासाठी एक फॉर्म असतो आणि त्यात तीन गोष्टी लिहाव्या लागतात: काय बदलायचंय, न बदलल्यास कुणाचं काय बिघडेल, बदलल्यास काय मोडू शकेल. मंजुरी देणाऱ्याला 'नाही' म्हणायचं असेल तर तिसऱ्या रकान्याकडे बोट दाखवून म्हणावं लागतं. 'फ्रीज आहे म्हणून नाही' हे उत्तर चालत नाही, कारण फ्रीज आहे हे विचारणाऱ्याला माहीतच असतं. १९८४ च्या परिच्छेदाचा आधार घेणाऱ्या युक्तिवादाची अडचण नेमकी ही आहे. तज्ज्ञांनी ठरवलं हे सांगून तो थांबतो. या मुलापुरतं काय मोडेल, हा रकाना रिकामाच राहतो.

कोर्ट मुलांना कायम नाही म्हणतं असं मुळीच नाही. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात याचिका येते, न्यायाधीशांसमोर शाळेच्या गणवेशाच्या वयाचा माणूस असतो आणि अंतरिम आदेश निघतो: परीक्षेला बसू द्या, हे स्वतःच्या जबाबदारीवर असेल, निकाल सीलबंद ठेवा, पुढचं नंतर बघू. नंतर बघायची वेळ येते तेव्हा मूल पास होऊन पुढच्या वर्गात गेलेलं असतं. मग कोर्ट म्हणतं, आता मागे काय आणायचं. 'विशेष बाब म्हणून' निकाल कायम करा, मात्र हा दाखला समजू नये.

'हा दाखला समजू नये' हे वाक्य मला या साहित्यप्रकारातलं सर्वांत मजेशीर वाक्य वाटतं. लेखक आपल्याच मजकुराला सांगतोय की तू लिहिला गेला नाहीस असं समज. आपल्याकडे एखादी मावशी जेवायला वाढताना म्हणते, 'घे, पण बाकीच्यांना सांगू नकोस', तसंच. प्रेमळ आहे, त्या एका मुलाचं पोट भरतं. पण पंगतीला काय नियम आहे ते कुणालाच कळत नाही, आणि ज्याची मावशी नाही त्याचं काय हा प्रश्न उरतोच.

सर्वोच्च न्यायालयाने हे दोनदा फार कडक शब्दांत सांगितलंय. १९९३ मध्ये अमृतसरच्या गुरू नानक देव विद्यापीठाच्या खटल्यात कोर्टाने म्हटलं, की चुकीच्या जागी दाखवलेली सहानुभूती अंतरिम न्यायाचं सोंग घेऊन येते, आणि अशाने न्यायाधीशाचा अधिकार खाजगी दानधर्माच्या पातळीवर उतरल्याची टीका ओढवते. १९९८ मध्ये सीबीएसईच्या एका खटल्यात त्याहून पुढे. पात्र नसलेल्या विद्यार्थ्यांना कोर्टाच्या आदेशाने परीक्षेला बसवायचं आणि वर 'हा दाखला नव्हे' असंही लिहायचं, याला सर्वोच्च न्यायालयाने प्रक्रियेचा गैरवापर म्हटलं. आपला निर्णय पुन्हा वापरण्याजोगा नाही हे उच्च न्यायालयाला स्वतःलाच कळत असेल, तर तो द्यायचाच कशाला? तत्त्वात बसत असेल तर द्या, नाहीतर देऊ नका. नाहीतर कायद्याच्या राज्याची थट्टा होऊन माणसाच्या मर्जीचं राज्य येतं.

हा १९९८ चा मजकूर मी दोन-तीनदा वाचला. पहिल्यांदा राग आला. मुलांच्या बाजूने बोलणाऱ्या न्यायाधीशांनाच झापलंय, असं वाटलं. पुन्हा वाचल्यावर हे या सगळ्यातलं सर्वांत प्रामाणिक गद्य वाटलं. दयेच्या आदेशात भाषा कशी असते बघा: 'कोवळं वय', 'करिअरचं नुकसान', 'मानवतावादी दृष्टिकोन'. या शब्दांत कुठलंही मूल बसतं, म्हणजे नेमकं कुणीच दिसत नाही. माझ्या त्या कल्पित मुलीचं २४१ वरून ०४१ वर जाणं रास्त आहे की नाही, याबद्दल 'कोवळं वय' काहीच सांगत नाही. १९९८ चा निकाल निदान मागणी करतो, की कारण लिहा, आणि असं लिहा की उद्या दुसऱ्या कुणाला ते दाखवून मागता येईल. माझी तक्रार फक्त एवढीच, की ही मागणी उच्च न्यायालयाकडे आहे, बोर्डाकडे नाही. दया दाखवणाऱ्याने तत्त्व सांगावं. नकार देणाऱ्याला मात्र नियमाचा क्रमांक पुरतो.

इथे एक बारीक गोष्ट. हे सगळे निकाल वकिलांमध्ये विद्यार्थ्यांच्या नावाने ओळखले जातात. सतराव्या-अठराव्या वर्षी हरलेला मुलगा चाळीस वर्षं त्याच्याविरुद्धच्या तत्त्वाचं नाव म्हणून जगतो. कुणी त्याचं नाव घेतलं की अर्थ होतो 'तुमची याचिका फेटाळली जाईल'. मी म्हणून इथे साल आणि संस्था एवढंच लिहितोय.

मला आवडलेला निकाल यापेक्षा जुना आहे आणि बोर्डाचा नाही, कुरुक्षेत्र विद्यापीठाचा आहे, १९७६ चा. कायद्याच्या पदवीचा एक विद्यार्थी. पहिल्या वर्षीची त्याची हजेरी कमी होती. विद्यापीठाने तरी त्याला पुढे जाऊ दिलं, दुसऱ्या भागाच्या परीक्षेला बसू दिलं, आणि मग उमेदवारी रद्द केली. विद्यापीठाचं म्हणणं, त्याने हजेरीची गोष्ट लपवली. न्या. मुर्तझा फझल अली यांनी जे केलं ते साहित्याच्या वर्गात आपण करतो तेच: मजकूर हातात घेतला आणि विचारलं, हा कुणाकडे होता आणि केव्हा? अर्ज विद्यापीठाकडे आला होता. हजेरीपटही विद्यापीठाच्याच विभागाकडे होता. तपासायला वेळ होता. स्वतःच्या कपाटातला कागद न बघता बसू दिलं, तर नंतर 'फसवलं' म्हणता येणार नाही. परीक्षेला बसू देईपर्यंत रद्द करायचा अधिकार होता. बसू दिल्यावर तो संपला.

या निकालात दयेचा सूर नाही. विद्यार्थी गरीब, होतकरू, बिचारा असा रंगवलेला नाही. तो कसा माणूस आहे याने काही फरकच पडत नाही. फरक पडतो तो काळजी घ्यायची जबाबदारी कुणाची होती याने, आणि ती ज्याच्याकडे यंत्रणा आहे त्याच्यावर टाकलेली आहे. विषयाच्या भांडणात हे किती कामाचं आहे बघा. शाळेने यादीत चुकीचा आकडा भरला, विद्यार्थी वर्षभर एक विषय शिकला आणि हॉल तिकिटावर दुसराच आला, अशा प्रकरणात १९७६ ची रीत लावली की प्रश्न सरळ होतो: यादी कुणी भरली, कुणी तपासायची होती, मुलाला ती कधी दाखवली?

पण माझ्या मुलीला हा निकाल पुरत नाही, हेही कबूल करायला हवं. तिच्या बाबतीत कुणीच चुकलेलं नाही. शाळेने जे सांगितलं तेच भरलं, बोर्डाने जे आलं तेच नोंदवलं. बदललं ते तिचं मन. आणि या सगळ्या निकालांत मी शोधत राहिलो ती जागा इथे आहे: चूक नसताना, आजार नसताना, बदली नसताना बदललेल्या मनाला काही किंमत आहे का? १९७६ चोख आहे पण तो चुकीचा हिशोब आहे. १९९३ आणि १९९८ दयेबद्दल आहेत. १९८४ अधिकाराबद्दल आहे. 'का हवाय हा विषय?' हा प्रश्न यातला कुणीच विचारत नाही.

काळाबद्दलही बोलायला हवं, कारण तो या निकालांचा लपलेला नायक आहे. १९८० च्या परीक्षेचं भांडण १९८४ मध्ये संपलं. तेव्हा उत्तरपत्रिका मागणारी मुलं कुठल्या कुठे गेली असतील. उलट २०१० मध्ये महाराष्ट्र सरकारने दहावीसाठी 'बेस्ट फाइव्ह' आणलं, म्हणजे अकरावी प्रवेशाला सहापैकी सर्वांत जास्त गुणांचे पाच विषय धरायचे. मुंबई उच्च न्यायालयाने जूनमध्ये ते रद्द केलं आणि सर्वोच्च न्यायालयाने जुलैत पुन्हा जिवंत केलं. राज्यभराचे प्रवेश अडले होते, त्यामुळे काही आठवड्यांत निकाल लागला. एका मुलाचा एक विषय अडला तर घड्याळाची गती वेगळी असते. निकालपत्रात तारखा काळजीपूर्वक नोंदवलेल्या असतात, याचिका कधी, उत्तर कधी, सुनावणी कधी. त्या दरम्यान ते मूल रोज सकाळी कुठलं पुस्तक उघडत होतं, जुन्या विषयाचं की नव्या, हे लिहायला मात्र त्या साच्यात जागा नाही. मला तर दोन्ही पुस्तकं टेबलावर ठेवून बसलेलं मूल दिसत राहतं.

आपल्याकडे एकदा खुद्द विषयच कोर्टासमोर आला होता. २०१७ मध्ये, अध्ययन अक्षम मुलांबद्दलची याचिका ऐकताना, मुंबई उच्च न्यायालयाने विचारलं होतं की दहावीला गणित ऐच्छिक करता येईल का; गणितात अडकल्यामुळे मुलं शिक्षणच सोडतात, अशी त्यामागची चिंता. त्याआधी राज्य मंडळात काही वर्षं 'सामान्य गणित' हा पर्याय होता, तो घेतला की पुढे विज्ञान शाखेचं दार बंद. मला हा प्रसंग महत्त्वाचा वाटतो कारण तिथे कोर्टाने थोडा वेळ का होईना विषयाबद्दल बोलायचं धाडस केलं. त्यावर माध्यमांत जी चर्चा झाली ती मात्र 'गणित नको म्हणणारे' आणि 'गणित हवंच म्हणणारे' अशी लगेच दोन पक्षांत विभागली गेली. गणिताची भीती वाटणं आणि पुढे कधीतरी ते आवडू लागणं या एकाच मुलाच्या दोन अवस्था असू शकतात, हे दोन्ही पक्षांना सुचलं नाही.

१९८४ च्या तटबंदीला भगदाड कसं पडलं, तेही सांगतो. २००८ मध्ये सीबीएसईची दहावी दिलेल्या एका विद्यार्थ्याने माहितीच्या अधिकारात आपली उत्तरपत्रिका मागितली. बोर्ड म्हणालं, आमचं आणि परीक्षकाचं विश्वासाचं नातं आहे, दाखवता येणार नाही, शिवाय आमचा नियम आहे. कलकत्ता उच्च न्यायालयाने दाखवा म्हटलं, आणि ऑगस्ट २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्या. आर. व्ही. रवींद्रन यांनी ते कायम केलं. पुन्हा तपासून मिळणार नाही, पण बघायला मिळेल. आज मुलं उत्तरपत्रिकेची प्रत मागवतात ती यामुळे.

गंमत अशी, की २०११ मध्ये १९८४ चा निकाल चुकीचा ठरवला गेला नाही. तज्ज्ञांचा मान होता तसाच ठेवला. फक्त मधल्या काळात, २००५ मध्ये, संसदेने एक कायदा केला होता ज्यात मागणाऱ्याला कारण सांगावंच लागत नाही. १९८४ च्या निकालातली मुलं 'आम्हाला का बघायचंय' हे पटवत बसली आणि हरली. या मुलाला ते पटवायची गरजच पडली नाही. वाचक म्हणून मला हा बदल सर्वांत मोठा वाटतो. विद्यार्थ्याचा आवाज ऐकण्याचं कौशल्य निकालपत्रांत वाढलं, असं मुळीच झालेलं नाही. तो आवाज लागणारच नाही अशी तजवीज बाहेरून झाली.

विषयबदलासाठी असा कायदा नाही. पण बोर्डाच्याच कागदांत एक छोटी फट आहे. दोन पातळ्यांचं गणित जाहीर करताना सीबीएसईने सोय ठेवली होती, की बेसिक पास झालेल्या विद्यार्थ्याला नंतर वाटलं तर कंपार्टमेंट परीक्षेच्या वेळी स्टँडर्डचा पेपर देता येईल. म्हणजे निकालानंतर बदललेलं मन बोर्डाला समजतं. त्यासाठी आजारपण लागत नाही, वडिलांची बदली लागत नाही. दिवाळीत बदललेलं मन मात्र समजत नाही. त्याला कारण असेल. पाकिटं, केंद्रं, याद्या, मला ते पटेलही. पण एखाद्या निकालपत्रात मला ते कारण लिहिलेलं वाचायचंय, नियमाच्या क्रमांकाऐवजी साध्या तीन-चार वाक्यांत: हिला हे हवं होतं, यासाठी हवं होतं, आणि ते दिलं असतं तर अमुक मोडलं असतं.